घरच्या नेटवर्कमधला मल्टिकास्टचा पूर: वाचकांचे प्रश्न

मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारे, स्विच आता घराघरांत पोचले आहेत, पण त्यांच्या सेटिंगच्या पानावरचा मल्टिकास्टचा (एकच पॅकेट उपकरणांच्या गटाला पाठवण्याचा) भाग बहुतेक जण न उघडताच सोडून देतात. त्या भागाबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (नाशिक): हॉलमधला सेट-टॉप बॉक्स वरच्या मजल्यावरच्या टीव्हीवरही दिसावा म्हणून लॅन केबलवरून चालणारी एचडीएमआय एक्स्टेंडरची जोडी बसवली. ती चालू केली की स्विचचे सगळे दिवे एकसारखे लुकलुकतात आणि वाय-फाय जवळपास बंदच पडतं. आता आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच आणला आहे. त्यात नेमकं काय बदलायचं?

उत्तर: तुमचा पाठवणारा डबा चित्र एखाद्या टीव्हीच्या पत्त्यावर पाठवत नाही, एका गटाच्या पत्त्यावर पाठवतो. २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे आयपी पत्ते अशा गटांसाठी राखलेले आहेत. गटात कोण कोण आहे हे साध्या स्विचला कळत नाही. त्यामुळे ज्या पोर्टवरून पॅकेट आलं ते सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर तो ते ढकलतो. प्रिंटर असो, लॅपटॉप असो की राउटर, वरच्या मजल्याचा व्हिडिओ सगळ्यांकडे जातो.

गिगाबिट वायरला याचा फारसा त्रास होत नाही. वाय-फायचं मात्र कंबरडं मोडतं. गटासाठीचं पॅकेट लांबच्या आणि जुन्या उपकरणालाही ऐकू जावं म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारं उपकरण) ते सगळ्यात कमी ठरलेल्या वेगाने पाठवतो. २.४ गिगाहर्ट्झवर हा वेग बहुधा सेकंदाला १ मेगाबिट असतो आणि ५ गिगाहर्ट्झवर ६ मेगाबिट. एक्स्टेंडरचा १५ मेगाबिटचा व्हिडिओ त्यात मावतच नाही, आणि तो मावेपर्यंत बाकी कुणाला बोलायला वेळ मिळत नाही. महागडा राउटर आणूनही हे सुटत नाही. पूर मुळात राउटरपर्यंत पोचू द्यायचा नाही, हाच उपाय.

तुमच्या बाबतीत मी आधी व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचमध्ये आखलेलं वेगळं नेटवर्क, करायला सांगेन. दोन्ही डब्यांच्या केबल नव्या स्विचमध्ये लावा. नवा व्हीलॅन बनवा, समजा क्रमांक २०. त्यात ती दोन पोर्टं अनटॅग्ड (पॅकेटवर व्हीलॅनचा शिक्का नसलेली) म्हणून घाला, व्हीलॅन १ मधून काढा आणि दोन्ही पोर्टांचा पीव्हीआयडी (आत येणारं पॅकेट कोणत्या व्हीलॅनचं मानायचं तो क्रमांक) २० करा. पीव्हीआयडी विसरला की आत येणारी पॅकेट जुन्याच व्हीलॅनमध्ये जातात आणि माणूस तासन् तास डोकं धरून बसतो. हे झालं की दोन डबे आपापसात बोलतील आणि घरातल्या इतर कुणाला त्यांचा पत्ताही लागणार नाही. एखादा डबा राउटरकडून आयपी मागत असेल तर त्याला हाताने आयपी द्या. वाटेत दुसरा स्विच असेल तर तोही मॅनेज्ड हवा आणि दोघांमधल्या केबलवर व्हीलॅन २० टॅग्ड (शिक्क्यासह) हवा.

काही स्वस्त एक्स्टेंडर गटात सामील होण्याचा निरोपच पाठवत नाहीत. त्यांच्यावर पुढच्या उत्तरातला उपाय चालत नाही. व्हीलॅनला मात्र अशा निरोपाची गरज लागत नाही.

प्रश्न (पुणे): स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग चालू केलं. पूर थांबला, पण टीव्हीवरचं चित्र चार-साडेचार मिनिटांनी गोठतं. चॅनेल बदलून परत आलं की पुन्हा तेवढाच वेळ चालतं. स्विच बिघडला आहे का?

उत्तर: स्विच अगदी बरोबर काम करतो आहे. तुमच्या घरात विचारणारा कुणी नाही, एवढंच.

स्नूपिंग म्हणजे स्विचने उपकरणांचे आयजीएमपी निरोप, म्हणजे गटात येण्या-जाण्याचे निरोप, कान देऊन ऐकणं. टीव्ही म्हणतो, ‘मला अमुक गट हवा.’ स्विच ते पोर्ट यादीत लिहितो आणि त्या गटाची पॅकेट तेवढ्याच पोर्टवर सोडतो. पण यादी कायमची नसते. कुणीतरी ठरावीक वेळाने ‘अजून कोण कोण पाहतंय?’ असं विचारायचं असतं. त्या विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. मूळ हिशेबाप्रमाणे तो दर १२५ सेकंदांनी विचारतो आणि उत्तराला १० सेकंद देतो. एक फेरी हुकली तरी चालावं म्हणून नोंद २६० सेकंद टिकते. म्हणजेच तुमची चार-साडेचार मिनिटं. टीव्हीला कुणी विचारलं नाही, तो बोलला नाही, नोंद पुसली गेली.

तेव्हा नेटवर्कमध्ये एक क्वेरिअर हवाच. इथेच खरेदीत फसगत होते. खोक्यावर ‘आयजीएमपी स्नूपिंग’ ठळक छापलेलं असतं, पण स्वस्त स्मार्ट स्विचपैकी पुष्कळांत क्वेरिअर नसतो. टीपी-लिंकची ईझी स्मार्ट मालिका यातली. घेण्याआधी सेटिंगची पुस्तिका उघडून ‘क्वेरिअर’ हा शब्द शोधा. मायक्रोटिकचं राउटर-ओएस आणि ओपन-डब्ल्यूआरटी या राउटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये तो ब्रिजच्या (पोर्टं एकत्र जोडणाऱ्या भागाच्या) सेटिंगमध्ये चालू करता येतो.

क्वेरिअर कुठे ठेवायचा, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ज्या पोर्टाकडून क्वेरी येते त्याला स्विच ‘राउटर पोर्ट’ समजतो, आणि प्रत्येक गटाचा व्हिडिओ त्या पोर्टवरही पाठवतो, पलीकडे कुणी पाहत असो वा नसो. वाय-फाय राउटरलाच क्वेरिअर केलं तर सगळा व्हिडिओ राउटरपर्यंत जाईल, आणि राउटरच्या आत स्नूपिंग नसेल तर तिथून हवेत. म्हणून व्हिडिओचा उगम ज्या स्विचवर आहे, त्यालाच क्वेरिअर करा. दोन क्वेरिअर असले तर लहान आयपीचा जिंकतो. राउटर बहुधा १९२.१६८.१.१ असतो, म्हणून त्याच्यातला क्वेरिअर बंद केल्याशिवाय स्विचचा नंबर लागणार नाही.

स्विचला त्याच नेटवर्कमधला कायमचा आयपी द्या. नाहीतर काही स्विच ०.०.०.० या पत्त्यावरून विचारतात आणि काही टीव्ही अशा प्रश्नाला उत्तरच देत नाहीत. घरात एखादा जुना स्विच आयजीएमपीची फक्त आवृत्ती २ समजणारा असेल तर क्वेरिअरही आवृत्ती २ वर ठेवा. मग आवृत्ती ३ जाणणारी उपकरणंही २ मध्येच बोलतात.

प्रश्न (ठाणे): पूर थांबवायच्या नादात ‘अनोळखी मल्टिकास्ट अडवा’ हेही चालू केलं. आता फोनला प्रिंटर सापडत नाही, मोबाइलवरचं टीव्हीवर टाकता येत नाही, आणि आयपीव्ही६ अधूनमधून तुटतं.

उत्तर: ते सेटिंग आधी बंद करा. स्विचच्या यादीत नोंद नसलेले सगळे गट ते अडवतं. नेटगिअरच्या साध्या मॅनेज्ड स्विचमध्येही ते असतं आणि नावावरून फायद्याचं वाटतं. प्रिंटर आणि कास्टिंगची उपकरणं एकमेकांना २२४.०.०.२५१ या गटावर शोधतात, तर अनेक टीव्ही आणि मीडिया सर्व्हर २३९.२५५.२५५.२५० वर. २२४.०.०. ने सुरू होणारे सगळे पत्ते स्नूपिंग असलं तरी सर्व पोर्टांवर जाऊ द्यावेत, अशी शिफारस २००६ च्या आरएफसी ४५४१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे. चांगले स्विच ती पाळतात, सगळे पाळत नाहीत. आयपीव्ही६ ला, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीला, तर शेजारचं उपकरण शोधायलाही मल्टिकास्टच लागतं. त्याचे निरोप एमएलडी नावाच्या वेगळ्या पद्धतीने जातात. स्विचला एमएलडी कळत नसताना अनोळखी गट अडवले की आयपीव्ही६ चा श्वास कोंडतो.

शोधाशोधीची ही पॅकेट अगदी थोडी असतात. त्यांच्याने वाय-फाय बुडत नाही, ती अडवून काही मिळवायचं नाही.

प्रश्न (कोल्हापूर): यूट्यूब आणि नेटफ्लिक्स अडखळतात. स्नूपिंगने फरक पडेल का?

उत्तर: नाही. दोन्ही युनिकास्ट आहेत, प्रत्येक टीव्हीला वेगळा प्रवाह. इंटरनेटचा वेग किंवा वाय-फायचा सिग्नल तपासा.

प्रश्न (आइंडहोव्हन, नेदरलँड्स): इथे इंटरनेटवाल्याचाच टीव्ही आहे. टीव्हीमागच्या कोनाड्यात लहान साधा स्विच आहे, त्यावर दोन बॉक्स. दोन्हीवर एकच सामना लावला आणि एकावर चॅनेल बदललं की दुसऱ्यावरचा सामनाही थांबतो.

उत्तर: मुख्य स्विचवर ‘फास्ट लीव्ह’ चालू असणार. बॉक्सने ‘मी निघालो’ म्हटलं की स्विच त्या पोर्टवरचा गट तत्क्षणी बंद करतो. एका पोर्टवर एकच बॉक्स असेल तर हे उत्तम, चॅनेल बदलताना जुना प्रवाह रेंगाळत नाही. तुमच्याकडे एका पोर्टमागे दोन बॉक्स आहेत आणि दुसरा अजून पाहतोय हे स्विचने विचारलंच नाही. पुढच्या क्वेरीला दुसरा बॉक्स उत्तर देईपर्यंत पडदा गोठलेला राहतो. त्या पोर्टचं फास्ट लीव्ह बंद करा. मग स्विच आधी विचारेल आणि कुणी बोललं नाही तरच साधारण दोन सेकंदांनी गट बंद करेल.

प्रश्न (सातारा): पूर खरंच थांबला, हे कसं ओळखायचं?

उत्तर: दिव्यांवर विश्वास ठेवू नका. लॅपटॉप केबलने स्विचला जोडा, वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू करा आणि घरात टीव्ही सुरू असू द्या. लॅपटॉपवर तुम्ही काहीच पाहत नसताना २३९ ने सुरू होणाऱ्या पत्त्याची यूडीपी पॅकेट धबाधबा येत असतील तर पूर चालू आहे. मग आयजीएमपीचा फिल्टर लावून पाच मिनिटं तसंच राहू द्या. २२४.०.०.१ कडे जाणारी क्वेरी दोनदा दिसली पाहिजे, आणि ती पाठवणारा आयपी तुम्ही नेमलेल्या क्वेरिअरचाच आहे का तेही बघा. दुसऱ्याच कुणाचा आयपी दिसला तर तो बहुतेक राउटरचा असतो. तिथलं सेटिंग बंद करून पुन्हा पाच मिनिटं पाहा.