टिनाच्या हॉलमध्ये साउंड बसवताना

भाऊ, मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायची घाई करू नको. शाळेचा हॉल वर टिनाचा, खाली फरशी. तिथं आवाज कमी पडत नाही, घुमतो. रिकाम्या हॉलच्या मधोमध एक टाळी वाजवून बघ, कळेल. भोंगे मैदानासाठी राहू दे. आत कॉलम स्पीकर, म्हणजे उभे लांबट डबे, लाव, डोक्यांच्या जरा वर, किंचित खाली झुकवून. आवाज टिनावर न आदळता पोरांपर्यंत जातो. वायर लांब ओढायची असेल तर १०० व्होल्ट लाइनचाच सेट घे, म्हणजे लांब वायरीत आवाज फारसा घटत नाही.

माइक कायम स्पीकरच्या मागे, नाहीतर स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते. एका २६ जानेवारीला चौथीतली पोरगी भाषणाला उभी राहिली, माइक तिच्या कपाळाच्याही वर. ऐकू येईना म्हणून कोणीतरी आवाज वाढवला, कर्कश शिट्टी वाजली अन् पोरगी रडतच खाली उतरली. मला अजून वाईट वाटते. स्टँड तेवढा खाली घ्यायचा होता! तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की माइकला आवाज साधारण ६ डेसिबलनं जास्त मिळतो, शिट्टीची भीतीही कमी.

अर्थिंग मात्र वायरमनकडून तपासून घे. आपल्याकडं व्होल्टेज वरखाली होते, स्टॅबिलायझर लावच.