कीर्दीतले 1,250, खतावणीतले 1,520

पत्र, थोडक्यात: बारावी कॉमर्सला 84 टक्के मिळाले. करिअर फायनान्समध्येच करायचं आहे. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात बीबीए फायनान्स करू, की इथे सांगलीतच बीकॉम? मुंबईचा आतेभाऊ म्हणतो, बीकॉमला आता कोण विचारतं, इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचं तर बीबीएच कर. बाबा शेत तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत. सुट्टीत मी शेजारच्या काकांच्या हार्डवेअर दुकानाचे हिशेब लिहिते. मार्चअखेरीला तेरजेत, म्हणजे जमा-नावेच्या ताळ्यात, 270 रुपयांचा फरक येत होता, तो रात्री एकपर्यंत बसून शोधला. पण ते किरकोळ काम झालं. मी काय निवडू?

किरकोळ कुणी ठरवलं गं ते?

चार पानांच्या पत्रात तीन पानं आतेभावाचा पगार आणि त्याचं ऑफिस, आणि या कामाला दोन ओळी. काका म्हणाले, "जाऊ दे, सस्पेन्सला टाक." म्हणजे न सापडलेला फरक तात्पुरत्या खात्यात ढकल. तू उठली नाहीस. 270 ला 9 ने पूर्ण भाग जातो, म्हणजे एखाद्या रकमेतले दोन आकडे उलटसुलट पडले असावेत, हे तुझं तू ओळखलंस. कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, 1,250 आणि खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत, 1,520 सापडल्यावरच झोपलीस. वर लिहितेस, "मजा आली." अगं, पगार देऊनही लोकांना हे काम गोड लागत नाही!

म्हणून सांगते, सांगलीतच बीकॉम कर. मेजर, म्हणजे मुख्य विषय, अकाउंटन्सी घे आणि सीएच्या पहिल्या परीक्षेची, फाउंडेशनची, नोंदणी याच महिन्यात कर. चार पेपर असतात: अकाउंटिंग, व्यापारी कायदे, गणित-सांख्यिकी आणि अर्थशास्त्र. परीक्षा वर्षातून तीनदा होते, नोंदणीनंतर चार महिने अभ्यासाला लागतात. पुढे इंटरमीडिएट ही दुसरी परीक्षा, मग दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी. तिथे दुसऱ्यांच्या वह्यांमधले असेच फरक तुला रोज शोधायचे आहेत. परीक्षा अवघड आहे, पहिल्या खेपेला भलेभले अडकतात. पण रात्री एकपर्यंत बसणाऱ्या मुलीला मी अवघडाची भीती का घालू?

आतेभाऊ सांगतो त्या इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये नुसत्या बीबीएवर सहसा कुणी घेत नाही. तिथे माणसं मोठ्या संस्थांतून एमबीए करून जातात किंवा सीए होऊन. आणि एमबीएच्या कॅट या प्रवेश परीक्षेला कुठलीही पदवी चालते, तुझी बीकॉमसुद्धा. मग बीबीएच्या नावासाठी शेत कशाला अडकवायचं?

बाबांचं मन मोठं आहे, हे तू तीनदा लिहिलंस. असेल. पण कर्जाचा हप्ता मनातून जात नाही, उसाच्या बिलातून जातो, आणि ते बिल कधी येतं हे तुमच्या जिल्ह्यात मी सांगायला नको. बाबा "हो" म्हणतात म्हणून तूही "हो" म्हणणं हा त्यांचा मान राखणं नव्हे. हिशेब तुला येतो ना? मग एका कागदावर मांड: फी, हॉस्टेल, खाणावळ, व्याज, आणि समोर वर्षाचं शेतीचं उत्पन्न. कागद बाबांपुढे ठेव आणि बँकेत जायचं थांबव.

आतेभावाला मी सांगितलं म्हणून कळव. रागावला तर रागावू दे.