टेम्प्लेट बनवता येणं हे कौशल्य आहे का?

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एका कार्यालयात अर्धवेळ काम करते. पत्रं, कोटेशन, बैठकीचे वृत्तान्त, सगळं वर्डमध्ये. नवीन पत्र करायचं झालं की जुनी फाइल उघडायची, नाव-तारीख बदलायची आणि सेव्ह करायची, ही आमची पद्धत. मध्यंतरी एका ग्राहकाच्या पत्रात दुसऱ्याच ग्राहकाचं नाव राहिलं आणि मला खूप बोलणी बसली. आता वरिष्ठ म्हणतात, टेम्प्लेट (दर वेळी वापरायचा तयार नमुना) करायला शीक. घरचे म्हणतात, हे टायपिस्टचं काम, यात वेळ घालवू नकोस, मोठा कोर्स कर. हल्ली एआय पत्रंही लिहून देतं. मी काय करू? आणि रेझ्युमेसाठी इंटरनेटवरचं रंगीत टेम्प्लेट घेतलं तर चालेल का?

उत्तर : वरिष्ठांचं ऐक. ते नाव राहिलं म्हणून स्वतःला निष्काळजी ठरवू नकोस. जुन्या पत्रावरच नवं पत्र लिहीत गेलं की आज ना उद्या हे होणारच. त्या फाइलमध्ये आधीच्या ग्राहकाचं नाव असतं, त्याला दिलेले दर असतात, कधीकधी कोणाच्या तरी कॉमेंट्स आणि न स्वीकारलेले ट्रॅक चेंजेसही (नोंदवून ठेवलेले बदल) तसेच पडून असतात. घाईत त्यातलं एखादं सुटतं. 'सेव्ह अ‍ॅज'ऐवजी हात 'सेव्ह'वर पडला तर जुनं पत्रही गेलं. टेम्प्लेट म्हणून सेव्ह केलेल्या फाइलचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं, वर्डमध्ये डॉकएक्सऐवजी डॉटएक्स असतं, लिब्रेऑफिसमध्ये ओडीटीऐवजी ओटीटी. तिच्यावर डबल-क्लिक केलं की तिची बिननावाची नवी प्रत उघडते आणि मूळ फाइल जिथल्या तिथे राहते. मूळ फाइलच दुरुस्त करायची असेल तर राइट-क्लिक करून 'ओपन' निवडायचं.

इतकं तुला एका दुपारी जमेल, आणि तेवढ्याला मी करिअरचं कौशल्य म्हणणार नाही. मात्र कार्यालयातल्या कोणीही न विचारता वापरावं आणि तरी पत्र बिनचूक निघावं, असं टेम्प्लेट बनवणं ही वेगळी गोष्ट आहे. ते फार थोड्या जणांना येतं.

त्याचा पाया म्हणजे स्टाइल्स, म्हणजे फॉन्ट, आकार, रंग यांचे नाव देऊन ठेवलेले संच. बहुतेक जण मथळा सिलेक्ट करतात, ठळक करतात, आकार वाढवतात आणि पुढे जातात. कागदावर तो मथळा दिसतो, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ती जरा मोठी अक्षरं असतात, बस. त्याच ओळीला 'हेडिंग १' ही स्टाइल दिलीस की अनुक्रमणिका आपोआप तयार होते, बाजूच्या नेव्हिगेशन पेनमध्ये (मथळ्यांच्या यादीच्या पट्टीत) मथळे दिसतात, आणि उद्या सगळ्या मथळ्यांचा रंग बदलायचा ठरला तर स्टाइल एकदाच बदलायची. दृष्टिहीन वाचकासाठी तर यानं सगळाच फरक पडतो. एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) ब्राउझ मोडमध्ये एच ही कळ दाबली की वाचक थेट पुढच्या हेडिंगवर जातो. नुसत्या ठळक केलेल्या ओळी त्याला सापडत नाहीत. त्याला सगळा मजकूर पहिल्यापासून ऐकत बसावं लागतं. स्टाइल्स शिकायला हे एकच कारणसुद्धा मला पुरेसं वाटतं.

मराठीत काम करतेस म्हणून आणखी एक. वर्डमध्ये स्टाइलच्या फॉन्ट खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'साठी फॉन्ट आणि आकाराचे वेगळे रकाने असतात. देवनागरीला ते लागू होतात. फक्त वरचा रकाना भरला की इंग्रजी अक्षरं ऐकतात आणि मराठी ऐकत नाही, मग माणसं प्रत्येक ओळ हातानं दुरुस्त करत बसतात.

आता कामाला कशी लागशील ते सांगते. कार्यालयातून सर्वांत जास्त जाणारं एक पत्र निवड. त्याच प्रकारची चार-पाच जुनी पत्रं छापून शेजारी-शेजारी ठेव आणि ज्या-ज्या जागी मजकूर बदलतो तिथे पेन्सिलनं खूण कर. यात घाई करू नकोस, कारण खरं काम इथेच आहे. प्रत्येक वेळी वेगळी वाटणारी काही वाक्यं मुळात एकाच अर्थाची निघतील. त्यातलं कोणतं ठेवायचं हे वरिष्ठांना विचारून ठरव. खुणा केलेल्या जागी 'डेव्हलपर' टॅबमधले कंटेंट कंट्रोल्स, म्हणजे भरायच्या चौकटी, टाक: तारखेला डेट पिकर (तारीख निवडायचं कॅलेंडर), ठरावीक पर्याय असतील तिथे ड्रॉप-डाउन यादी, नावाच्या जागी 'येथे ग्राहकाचं नाव लिहा' अशी सूचना. हा टॅब आधी दिसत नाही, ऑप्शन्समधल्या 'कस्टमाइझ रिबन'मधून तो आणावा लागतो. जागा भरायची राहिली तर ती सूचना पत्रात तशीच दिसते आणि कोणाच्याही नजरेत भरते. दुसऱ्याचं नाव मात्र बरोबर नावासारखंच दिसतं, म्हणून तर ते तुझ्या हातून निसटलं. नाव पत्रात तीन ठिकाणी येत असेल तर 'क्विक पार्ट्स'मधली डॉक्युमेंट प्रॉपर्टी (फाइलसोबत साठवलेल्या माहितीचा रकाना) वापर. एका जागी लिहिलं की बाकीच्या जागी आपोआप उमटतं.

टेम्प्लेट तयार झालं की एखाद्या सहकाऱ्याला दे आणि तोंडी काहीही समजावू नकोस. नुसती शेजारी बस. सहकारी जिथे थबकेल तिथे दुरुस्ती हवी आहे. एक गोष्ट वरिष्ठांना आधीच सांगून ठेव: टेम्प्लेटमधला मजकूर किंवा लेटरहेड नंतर बदललं तरी त्यावरून आधी केलेली पत्रं बदलत नाहीत.

घरच्यांची काळजी मी समजू शकते. नुसत्या टायपिंगवर भिस्त ठेवू नकोस, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण कोणता मजकूर कायम राहतो, कोणता बदलतो आणि चूक कुठे शिरू शकते हा विचार करणं म्हणजे टायपिंग नव्हे. यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिणारे टेक्निकल रायटर हाच विचार रोज करतात. वकिलांच्या मोठ्या कार्यालयांत तपासून घेतलेल्या कलमांमधून करारनामे तयार होतात, त्यामागे अशीच रचना असते. प्रकाशनात वर्डमधल्या स्टाइल्स इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट जुळवून घेता येतात, त्यामुळे नीट स्टाइल्स दिलेलं हस्तलिखित हातात आलं की मांडणी करणाऱ्याचे कष्ट वाचतात. कोर्स जरूर कर, पण आधी दोन-तीन टेम्प्लेट्स स्वतः बनव. यातली कोणती वाट आपली, हे तुला त्यातून कळेल आणि फी योग्य ठिकाणी जाईल.

एआय मसुदा देईल, त्याची मदत घे. पण शंभर पत्रांत तेच कलम शब्दन् शब्द तसंच जायला हवं, तिथे दर वेळी नव्यानं लिहिलेला मजकूर उपयोगाचा नाही.

रेझ्युमेचं रंगीत टेम्प्लेट घेऊ नकोस. त्यातली माहिती बहुधा टेक्स्ट बॉक्समध्ये किंवा दोन रकान्यांत बसवलेली असते, आणि अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरकडून ती सुटू शकते किंवा उलटसुलट वाचली जाऊ शकते. फोन आणि ईमेल हेडरमध्येही टाकू नकोस. एक रकाना, हेडिंग स्टाइल्स, साधा फॉन्ट. असं टेम्प्लेट तू स्वतःच बनव. मुलाखतीत दाखवायला कार्यालयाचं टेम्प्लेट नेणार असशील तर वरिष्ठांची परवानगी घे, लेटरहेड आणि खरी नावं काढ, आणि शेवटी 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवून फाइलमधल्या कॉमेंट्स आणि लेखकाचं नावही पुसून टाक.