गवतावर संशोधन करून पोट भरेल का?

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातला ऊस उत्पादक. मुलगी बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए ८.१. तिला एमपीएससीसाठी पुण्यात क्लास लावायचं आम्ही ठरवलंय. ती म्हणते, एमएस्सी करून नदीकाठच्या रानटी गवतावर काम करायचंय, इंधनासाठी म्हणे. पीजीचा फॉर्म मी भरू दिला नाही. गवत ते गवत, त्यात काय शिकायचं? तिची समजूत कशी घालू?

उत्तर : गुणांची काळजी नाही, ते चांगले आहेत. काळजी वाटली ती ‘फॉर्म भरू दिला नाही’ या वाक्याची. पोरीनं पैसे उधळले नाहीत, अभ्यास सोडला नाही. एक विषय आवडतो एवढंच सांगितलं आणि तुम्ही तिची वाट अडवलीत. तिला हा विषय का हवा, हे तुम्ही विचारल्याचं पत्रात कुठेच दिसत नाही. मनाविरुद्ध एमपीएससीला बसलेली मुलं माझ्याकडे येतात. दोन-तीन प्रयत्नांनंतर त्यांना घरी फोन करायचीसुद्धा धास्ती वाटू लागलेली असते. तुमच्या मुलीवर ती वेळ आणू नका.

‘गवत ते गवत’ हे तर ऊसवाल्यानं म्हणूच नये. तुमच्या रानातल्या ८६०३२ या उसाच्या वाणातही त्याच नदीकाठच्या गवताचा अंश आहे. सॅकॅरम स्पॉन्टेनियम हे त्याचं शास्त्रीय नाव. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रानं जाड, गोड उसाचा त्याच्याशी संकर करून १९१८ साली ‘को २०५’ हे वाण दिलं. रोग सोसण्याची ताकद आणि खोडव्याचा, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाचा, जोम उसात आला तो या गवताकडून. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. जानकी अम्माळ यांनी १९३०च्या दशकात तिथेच त्याच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. हे गवत सगळीकडे एकसारखं नसतं. कुठल्या नमुन्यात ४० गुणसूत्रं, तर कुठल्यात १२८. कुठलं झुडपासारखं बुटकं, कुठलं पाच मीटरपर्यंत वाढणारं. एखादं पाण्याचा ताण सोसतं, एखादं खारवट जमीन. साखर कमी आणि तंतू भरपूर असा ऊस सहवीजेसाठी (कारखान्यात चिपाड जाळून होणारी वीज) किंवा चिपाडाच्या इथेनॉलसाठी घडवायचा, तर संकराला कोणता नमुना घ्यायचा हे असे फरक मोजूनच ठरतं. तुमची मुलगी ज्या कामाबद्दल बोलतेय ते हे.

मार्ग ठरलेले आहेत : आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषद) पीजी परीक्षा किंवा राज्याची कृषी पीजी सीईटी, पुढे अध्यापनाच्या पात्रतेची नेट आणि शास्त्रज्ञपदासाठीची एआरएस (कृषी संशोधन सेवा). एमएस्सीनंतरही एमपीएससीची कृषी सेवा देता येतेच.

आता दोन शब्द मुलीला. शास्त्रज्ञाच्या कायम जागा थोड्या आहेत आणि पीएचडीशिवाय तिथवर पोहोचणं अवघड. संख्याशास्त्र पक्कं कर, संगणकावर विदा (डेटा) हाताळायला शीक. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये महिनाभर काम करायला मिळतं का, विचारून बघ. उन्हात उभं राहून शेकडो रोपांची उंची, जाडी, फुटवे मोजताना कंटाळा आला, तर मला स्पष्ट कळव. मग वेगळा विचार करू.

आणि तुम्ही : फॉर्मची मुदत शिल्लक असेल तर आजच भरू द्या. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि ते न वाचता पाठवा.