सांभाळ झाला, तरी पोरके वाटते तेव्हा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आत्याने तुला स्वतःच्या मुलांबरोबर वाढवले, आई-वडिलांनी उसाच्या फडात राबून शिक्षणाला पैसे पुरवले, आजारपणात उशाशी कोणी ना कोणी बसले, आणि तरीही आपण कोणाला मनापासून हव्या आहोत असे तुला कधी वाटले नाही, असे तू लिहितेस. त्यापाठोपाठ स्वतःला कृतघ्न म्हणतेस. ते मला मान्य नाही. कृतघ्न माणसाला दुसऱ्याच्या कष्टांची एवढी बारीक आठवण राहत नाही. सांभाळ झाला हे खरे आहे आणि त्यातले प्रेम तुझ्यापर्यंत पोहोचले नाही हेही खरे आहे. यांपैकी एक खरे ठरवण्यासाठी दुसरे खोटे ठरवण्याची गरज नाही.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिक या मानसोपचार केंद्रात काम करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक माहितीपट केला. शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेली दोन वर्षांची एक मुलगी त्यात दिसते. त्या काळी तिथल्या रुग्णालयांत आई-वडिलांना मुलांजवळ राहू देत नसत. तिची शुश्रूषा नीट होत होती आणि ती फारशी रडतही नव्हती. अशी शांत झालेली मुले रुळली, असे डॉक्टर आणि परिचारिका समजत असत. रॉबर्टसन यांचे म्हणणे नेमके उलटे होते: मूल आधी रडून आईला बोलावते, मग खचते, आणि शेवटी तिची वाट पाहणेच सोडून देते, या शेवटच्या अवस्थेला मोठी माणसे शहाणपणा समजतात. सुरुवातीला अनेक डॉक्टरांना हे रुचले नाही. पण १९५९ साली ब्रिटनमधील सरकारी समितीनेच आई-वडिलांच्या भेटींवरील बंधने उठवावीत, अशी शिफारस केली.

आता तुझे बालपण आठव. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची टोळी निघायची आणि साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, आई दिसायची नाही. तू रडून गोंधळ घातला नाहीस, आत्याकडे हट्ट केला नाहीस, म्हणून सगळ्यांनी तुला समजूतदार म्हटले, आणि समजूतदार मुलीला काय हवे आहे हे विचारायचे कोणाच्या मनात आले नाही. विचारले जात नाही म्हणून तू सांगणे सोडलेस, आणि तू सांगत नाहीस म्हणून सर्वांना वाटले की सारे ठीक आहे. शिवाय, लहान मुलाला मुकादम, त्याच्याकडून आगाऊ घेतलेली उचल, कर्ज, कोरडवाहू शेती यांपैकी काहीच कळत नसते. आई मला सोडून जाते याचा त्याला एकच अर्थ लागतो, की आपल्यातच काही कमी असले पाहिजे. तू मोठी झालीस, तुला उचलीचा हिशेब कळू लागला, पण त्या वयात काढलेला तो निष्कर्ष तू पुन्हा कधी तपासून पाहिला नाहीस. तो चुकीचा होता, हे मी तुला अगदी निःशंकपणे सांगतो. तुला फडावरच्या कोपीत, त्या झोपडीत, न नेता शाळेसाठी मागे ठेवण्याचा निर्णय तुझ्या आईने तुझ्यावर माया नसल्यामुळे घेतला असेल, असे मला क्षणभरही वाटत नाही.

मात्र हे मी सांगून भागणार नाही. ते तुला आईकडून कळायला हवे. ‘तुम्ही माझ्यावर प्रेम केले नाही’ अशी सुरुवात करू नकोस, कारण त्यावर आपली बाजू मांडण्यावाचून तिच्या हाती काही उरणार नाही. एखादी नेमकी आठवण सांग: ट्रॅक्टर निघून गेल्यावर तू काय करायचीस, रात्री झोप लागायची का. फोनवर, हंगामात, दिवसभर मोळ्या वाहून ती कोपीवर परतलेली असताना हे काढू नकोस. पट्टा पडून ती घरी आली की शेजारी बसून बोल. ती कदाचित ‘आम्ही काय हौसेने जात होतो?’ असे चिडून म्हणेल, किंवा विषय बदलून तुला जेवायला वाढेल. तेवढ्यावरून तिला काही वाटत नाही असे ठरवू नकोस. इतकी वर्षे मनात दाबलेल्या गोष्टीवर बोलायची तिलाही सवय नाही. पुन्हा बोल. आत्याशीही बोल; तुझा अबोलपणा रोज पाहिलेली तीच आहे, आणि तिला तुझ्या वाटण्याइतके कमी कळले असेल असे मला वाटत नाही.

एक गोष्ट वेगळी सांगतो. सध्या कशातच मन लागत नाही, मैत्रिणी जवळ येतात तरी आत काही हलत नाही, असेही तू लिहिले आहेस. हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते नैराश्यही असू शकते. त्यात मिळणारी मायासुद्धा जाणवत नाही, आणि त्यावर उपचार आहेत. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तो दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. जगणे नकोसे वाटण्याचा विचार मनात येत असेल, तर पत्र खाली ठेवून आधी तो फोन कर आणि खोलीतल्या मैत्रिणीला जवळ बसव.

दिवाळीला गावी जावे की वसतिगृहातच राहावे, असे तू शेवटी विचारले आहेस. जा. निघण्याच्या गडबडीत मोठे बोलणे होणार नाही, ते उन्हाळ्यासाठी राहू दे. पण टोळी निघेल तेव्हा नेहमीप्रमाणे घरात कामात गुंतून राहू नकोस, बाहेर येऊन आईजवळ उभी राहा, आणि रडू आले तर ते आवरू नकोस.

तुझे सर