ताई, आराम हवासा वाटणं पाप आहे का?

प्रश्न: ताई, प्रभूमध्ये सलाम. मी सोलापूरची, वय 43, एका खाजगी ऑफिसात अकाउंटचं काम बघते, घरी यायला सहा वाजतात. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, त्या दिवशी तर पहाटेपासून नुसतं भरणंच चालू, आणि इथला उन्हाळा काय असतो ते तुम्हाला माहितीय. यंदा हप्त्यावर एसी घेतला, संध्याकाळी तासभर त्या खोलीत पडायचं एवढंच माझं सुख. आता पाळकसाहेब म्हणतात विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, मुलांचा अभ्यास घ्यायला रोज संध्याकाळी या. एकदा जाऊन आले. पोरं घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठी. चौथीतली एक मुलगी ओळीखाली बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचत होती, बोटांना तंबाखूचा वास, कारण शाळेतून आली की आईबरोबर विड्यांना दोरा बांधायला बसते. खूप वाईट वाटलं, पण परत गेले नाही. मिस्टर म्हणतात देवाला तुझा थकवा दिसत नाही का. खरं सांगा, आराम हवासा वाटणं पाप आहे का?
(एक भगिनी, सोलापूर)

उत्तर: सलाम बहिणी. नाही, पाप नाही. बायबलमधला एलीया संदेष्टा दमून झुडपाखाली पडला आणि मला मरण दे म्हणाला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही, झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं, परत झोपला तर परत उठवून खायला घातलं आणि मगच पुढच्या वाटेला लावलं. त्यामुळे मिस्टरांना सांगा की देवाला थकवा दिसतो, चांगला दिसतो.

पण तुमचं पत्र वाचून मला योना संदेष्टा आठवला, त्याच्या पुस्तकाचा चौथा अध्याय. माशाची गोष्ट संडे स्कूलमध्ये सगळ्यांची पाठ असते, हा अध्याय मात्र फार कोणी काढत नाही. तुमचा नाश होणार असं सांगायला देवाने योनाला निनवे शहरात पाठवलं होतं, पण तिथल्या लोकांनी पश्चात्ताप केला आणि ते वाचले म्हणून योना रागावून शहराबाहेर जाऊन बसला. ऊन कडक, म्हणून देवानेच एक झाड उगवलं आणि त्याच्या डोक्यावर सावली धरली, योना खूश झाला. दुसऱ्या दिवशी किडीने झाड खाल्लं, पूर्वेचा गरम वारा सुटला आणि हा म्हणतो आता मी मेलेलंच बरं. तेव्हा देव त्याला विचारतो की ज्या झाडासाठी तू काही कष्ट केले नाहीस त्याची तुला एवढी कीव, मग ज्या शहरात 1,20,000 हून जास्त अजाण माणसं आहेत त्याची कीव मी करू नये का? पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं, योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलंच नाही.

सावली देवानेच दिली होती हे विसरू नका. तुमचा एसीसुद्धा देवाचं देणं समजून वापरा, अपराधी वाटून घेऊ नका. योनाचं चुकलं ते एवढंच की सगळी कीव त्या सावलीपाशीच संपली, शहरापर्यंत पोचलीच नाही. तुमची पोचलीय बघा, नाहीतर त्या पोरीच्या बोटांचा वास तुमच्या पत्रात आला नसता! माझ्या मते देवाचं बोलावणं बऱ्याचदा असंच येतं, एखादी गोष्ट मनातून जातच नाही.

पंडिता रमाबाईंचं बघा. पुण्यात विधवांसाठीचं त्यांचं शारदा सदन चाललं होतं, तेवढंच सांभाळत बसल्या असत्या तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या, शेकडो मुली, त्यातून केडगावचं मुक्ती सदन वाढलं. सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंडनंतर ते केडगाव लागतं. रमाबाईंचे स्वतःचे आईवडीलही दुष्काळातच गेले होते, भूक काय असते हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

आता "रोज" या शब्दाबद्दल. पाळकसाहेबांचं वेळापत्रक म्हणजे देवाची इच्छा असं नाही, हे मी स्पष्टच लिहिते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात शिष्यांना जेवायलासुद्धा सवड नव्हती तेव्हा प्रभू येशू स्वतः त्यांना म्हणाला चला, थोडा विसावा घ्या. गर्दी आधीच तिथं पोचली, त्याला कळवळा आला, शिकवलं, पाच हजारांना जेवू घातलं, पण त्यानंतर शिष्यांना होडीत बसवून पुढं पाठवलं आणि स्वतः एकटा डोंगरावर प्रार्थनेला गेला. म्हणजे दोन्ही होतं.

तर येत्या रविवारी उपासना झाली की पाळकसाहेबांना सांगा, मंगळवार आणि शुक्रवार मी येणार, नळाला पाणी असेल तर नाही. दोनच दिवस, पण पक्के, कारण मुलं वाट बघतात आणि बाई आज येणार की नाही हे माहीत नसलं की तीही यायची थांबतात. घरकुलातलीच एखादी दहावी-अकरावीची मुलगी जोडीला घ्या, तेलुगूत समजावून सांगायला तिचा फार उपयोग होईल. बाकीच्या दिवसांसाठी महिला मंडळात विचारा. मिस्टरांना वचनं ऐकवत बसू नका, वाद वाढतो, एखाद्या शुक्रवारी गाडीवरून सोडायला या म्हणावं आणि तास संपेपर्यंत तिथंच थांबवून घ्या.