खाटेचा कोन मोजण्यापासून सुरुवात कर

पुणे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स झाला आणि आता इम्प्लिमेंटेशन रिसर्चकडे वळायचं ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. गुण येतो हे सिद्ध झालेली गोष्टसुद्धा वॉर्डात रोजच्या रोज का होत नाही, याचा शोध घ्यायला वॉर्डात उभी राहिलेली माणसंच हवीत.

विषय आपल्याच आयसीयूत शोध. न्यूमोनिया टाळायला व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं डोकं 30 ते 45 अंश वर हवं, हे सगळ्या सिस्टर्सना पाठ असतं. चेकलिस्टवर तिन्ही पाळ्यांच्या खुणाही असतात. पण मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप खाटेच्या पाठीला टेकवून बघ. खूण 30 ची आणि खाट 20 वर, असं सापडेल. स्पंजिंगला, चादर बदलताना खाट सपाट होते. त्यात हात असतो मावशींचा आणि मामांचा, ट्रेनिंग मात्र फक्त सिस्टर्सना. एखाद्या खाटेचं हँडल अर्ध्यात अडकतं. खुणा पाळी संपताना एकदम होतात. अशा ठिकाणी सिस्टर्सचं आणखी एक ट्रेनिंग घेऊन काय होणार?

बदल करण्याआधी निदान चार आठवडे मोज. वेळा चिठ्ठ्या टाकून ठरव, रात्रपाळी धरून. राउंडच्या तोंडावर मोजलंस तर सगळं छानच दिसेल. मणक्याच्या इजेमुळे सपाट ठेवलेले पेशंट वेगळे नोंदव, नाहीतर टक्केवारी फसवते.

सिस्टर्स, मावशी आणि मामांच्या मुलाखतींसाठी सीएफआयआरची, म्हणजे अंमलबजावणीत काय आड येतं नि काय मदत करतं ते घटकवार तपासणारी, 2022 ची सुधारित चौकट घे, पण तिचे सगळे घटक कोंबू नकोस. प्रॉक्टर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अंमलबजावणी कितपत जमली हे मोजायला मांडलेल्या आठ निष्पत्तींपैकी स्वीकार, ठरल्याबरहुकूम पालन आणि टिकाव एवढ्या तीन तुला पुरेत. एका आयसीयूच्या आकड्यांत न्यूमोनिया घटलेला दिसणं कठीण. यश त्यावर तोलू नकोस.

एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या नोंदीआधी हवी, मागच्या तारखेची मिळत नाही. आणि सगळ्यात जपायचं ते सहकाऱ्यांना. मुलाखत इन्चार्ज सिस्टरच्या केबिनमध्ये नको, त्यांच्यामार्फत बोलावणंही नको. नकार देणं अवघड होतं. संमतिपत्र मावशींना समजेल अशा मराठीत लिही. दहा जणांच्या युनिटमध्ये ‘रात्रपाळीची सीनियर सिस्टर’ एवढं छापलं तरी ओळख पटते.

डब्ल्यूएचओमधल्या टीडीआर या उष्णकटिबंधीय रोगांवरच्या संशोधन-प्रशिक्षण कार्यक्रमाचा इम्प्लिमेंटेशन रिसर्चवरचा मोफत ऑनलाइन कोर्स कर. गावपातळीवर वर्षानुवर्षं नोंदी कशा ठेवतात, हे इथल्या, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या वढूच्या संशोधन केंद्रात बघून ये.

पहिल्या आठवड्याचा तक्ता पाठव. रात्रपाळीचे काही रकाने रिकामे राहिले असतील तर तसेच राहू देत, घरी बसून भरू नकोस.